मुंडकं तेवढं बदला

परवा मोताळ्यात मलकापूर रस्त्यावर एक फ्लेक्स झळकला. 'भावी आमदार'! आमच्याकडे सगळे भावीच. भूतपूर्व व्हायला आधी निवडून यावं लागतं, ही अडचण लक्षात कोण घेतो?

चेहरा ओळखीचा. पण तो निळा कोट कुठं बरं पाहिला होता? अहो, गेल्या वर्षी यांच्याच कट्टर विरोधकाच्या अंगावर! फ्लेक्सवाल्या पोराला गाठलं. तो माऊस न सोडता म्हणाला, "भाऊ, बॉडी मांगचीच हाये. फक्त मुंडकं बदलवलं."

हसू नका. पोरगं नकळत युरोपीय राजदरबारांची थोर परंपरा चालवतंय. सतराव्या शतकात पिएर लोंबार नावाच्या कारागिरानं तांब्याच्या पत्र्यावर एक घोडेस्वार कोरला. मूळ चित्र व्हॅन डाइकचं, स्वार इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स. १६४९ मध्ये या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं. मग त्याच्या घोड्यावर लोंबारनं बसवला कोण? मुंडकं उडवणाऱ्यांतला म्होरक्या, क्रॉमवेल! वारं फिरलं की चेहरा घासायचा, नवा कोरायचा. त्याच पत्र्यावर कधी फ्रान्सचा चौदावा लुई, कधी खुद्द चार्ल्स. चिलखत तेच, घोडा तोच. राजाचं ईश्वरदत्त तेज म्हणतात ते बहुधा घोड्यात असावं.

आणि आपला पुणे दरबार? ऑगस्ट १७९०, टिपूविरुद्धचा तह, सवाई माधवरावांसमोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट. काय तो थाट! चितारला थॉमस डॅनियलनं, १८०५ साली, लंडनमध्ये. स्वारी त्या दरबारात नव्हतीच. ज्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून चितारला, तो तर हिंदुस्थानात उतरला १७९१ मध्ये! म्हणजे वऱ्हाडी एकही नाही आणि लग्नाचा अल्बम तयार. १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरनं तो पत्र्यावर उतरवून छापला. तोवर सवाई माधवराव गेले, नाना फडणीस गेले, आणि दुसरा बाजीराव १८०२ मध्ये वसईच्या तहावर सही ठोकून मोकळा झाला. वाघाचे दात पाडून झाले, मग त्याचं राजबिंडं चित्र दिवाणखान्यात टांगायला साहेब मोकळा. चित्राच्या नावातही मान मॅलेटचाच. पेशवे आपले सजावटीला.

एवढं प्रवचन मी त्या पोराला ऐकवलं. त्यानं ते निमूट ऐकून घेतलं. शेवटी मीच विचारलं, "मग तुझ्याकडे घोडा नाही का रे?"

"हाये ना भाऊ. त्याचे पाचशे येगळे."