दलाल कीं खरेदीदार?

दिव्याच्या बाजूस घर शोधूं लागणाऱ्या कुटुंबाची पहिली गांठ पडते ती दलालाशीं. दलालीविषयीं आमची तक्रार नाहीं. घरें दाखवून, कागद जुळवून व्यवहार तडीस नेणारानें शेंकडा एक-दोन घेतले, तर ती श्रमांचीच मजुरी होय. आम्हांस बोलावयाचें आहे तें निराळ्या प्रकाराविषयीं.

समजा, "घर विकून देतों" असें म्हणून एका गृहस्थानें कोणा बाईस थोडासा बयाणा दिला व २५ लाखांचें साठेखत स्वतःच्या नांवें करून घेतलें. महिन्याभरांत तेंच घर त्यानें दुसऱ्या कुटुंबास २८ लाखांस ठरवून दिलें. मधले तीन लाख त्याचे. वर बाईकडून दलाली आणि घेणाऱ्याकडूनहि दलाली! यास दलाल म्हणावें, तर किंमतींतील वाढ यानेंच गिळली. खरेदीदार म्हणावें, तर स्वतःच्याच मालाची दलाली कसली? मध्यस्थ हा चांगला संस्कृत शब्द आपण फारच सैल वापरतों.

१८७२ चा कराराचा कायदा येथें संदिग्ध नाहीं. एजंटानें मालकाच्या नकळत स्वतःसाठीं व्यवहार केला, तर त्यांतील लाभ मागण्याचा हक्क कलम २१६ नें मालकास दिला आहे. आणि ज्या कामांत गैरवर्तन केलें, त्याचा मेहनताना कलम २२० प्रमाणें त्यास मिळत नाहीं. "मीच घेतों" असें उघड सांगून त्यानें बाईची संमति घेतली असेल, तर तीन लाख खुशाल त्याचे; मग मात्र दलालीचा शब्द काढूं नये.

घेणारानेंहि सावध असावें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणें नुसत्या साठेखतानें मालकी येत नाहीं. मूळ मालकास भेटल्यावांचून, व तिला किती मिळणार हें तिच्याच तोंडून ऐकल्यावांचून, एक पैहि देऊं नये. वेगळा करार नसेल तर काम पुरें होईपर्यंत दलाली देय होत नाहीं, हेंहि त्याच १८७२ च्या कायद्याचें कलम २१९ सांगतें.

नव्या इमारतींसाठीं २०१६ चा रेरा कायदा आहे. नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकून देणाऱ्या दलालासहि नोंदणी सक्तीची आहे. पण नोंदणीचा क्रमांक दाखविला म्हणजे झालें, असें समजूं नये. शेजारच्या डोंबिवली परिसरांत बांधकामाच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळविले गेले, आणि २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें अशा ६५ इमारती पाडण्याचा हुकूम दिला. तेथें कोणी दलाली मोजली असेल, तर ती आतां कोणाकडे मागावी? दिव्यांतील घराची परवानगी ठाणें महानगरपालिकेंत स्वतः जाऊन ताडून पाहावी, आणि दलाली किती, कोणी व केव्हां द्यावयाची, हें बयाण्यापूर्वींच लिहून घ्यावें.