व्होल्ट वाढला, सूर चढला

आवाजाचा धडा आला की बिलोलीतली पोरं विचारतात, "सर, तार नाही, चामडं नाही, मग सिंथेसायझर वाजतो कसा?"

जुन्या ॲनालॉग यंत्रात तीन सर्किटे मुख्य. ऑसिलेटर विजेचा दाब झपाझप वरखाली करतो. सेकंदाला 220 कंपने म्हणजे एक सूर; 440 झाली की तोच सूर वरच्या सप्तकात. रॉबर्ट मूग यांनी 1964 च्या सुमारास हिशेब सोपा केला: एक व्होल्ट वाढला की कंपने दुप्पट. फिल्टर चहाच्या गाळणीसारखा. तीक्ष्ण कंपने अडवून आवाज मऊ करतो. ॲम्प्लिफायर आवाज लहानमोठा करतो. मग स्पीकरचा पडदा थरथरतो आणि हवेतून सूर कानी येतो.

मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी 1982 मध्ये रोलंड कंपनीच्या जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड केले. तेव्हा फारशी दखल कोणी घेतली नाही. 2010 मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि परदेशातही वाखाणली गेली.

ऑसिलेटर, फिल्टर, ॲम्प्लिफायर आपल्या जुन्या रेडिओतही असतात. म्हणून अम्मी-अब्बांना विनंती: मुलीने बंद पडलेला सेलवरचा रेडिओ उघडला तर रागावू नका. सेल काढलेत ना, एवढे बघा आणि तिच्या शेजारी बसा.