बालसाक्ष आणि प्रश्नाची रीत

अत्याचाराच्या खटल्यात मुलाच्या साक्षीवर विश्वास ठेवावा काय, असा प्रश्न निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात : मूल खोटे बोलतच नाही, किंवा मूल कल्पनेतच रमते. आमच्या मते दोन्ही अशास्त्रीय होत.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शाळकरी मुलांना पुठ्ठ्यावरील वस्तू दाखविल्या होत्या. मुलांनी आपण होऊन आठवून लिहिले त्यात चुका थोड्या होत्या. प्रश्नातच उत्तर सुचविले जाताच त्या वाढल्या. कॅलिफोर्नियातील एका बालवाडीच्या प्रकरणात १९८३ पासून शेकडो मुलांना असे सूचक प्रश्न विचारले गेले. १९९० मध्ये खटला संपला, तेव्हा एकाही आरोपीवर गुन्हा शाबीत झाला नव्हता. अशा चौकशीने निरपराध माणूस भरडला जातो, आणि खरोखर पीडित असलेल्या मुलाचे म्हणणेही संशयास्पद ठरते.

भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये वकिलांचे प्रश्न न्यायाधीशामार्फतच मुलापर्यंत पोहोचतात. परंतु पहिला प्रश्न बहुधा घरात किंवा शाळेत विचारला जातो. तेथे ‘त्याने तुला मारले ना?’ असे न विचारता ‘काय झाले ते सांग’ एवढेच म्हणावे, आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत. साक्षीदाराचे वय पाहण्यापूर्वी प्रश्नाची पारख झाली पाहिजे.