मधाचा लेप, तेलाची मालीश

विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर पहाटेच्या फेऱ्या मारून झाल्या की आमच्या गारखेड्यातील ज्येष्ठ मंडळी थोडा वेळ कट्ट्यावर विसावतात. गुडघे, झोप, नातवंडांच्या परीक्षा आणि नव्याने कानावर आलेले घरगुती उपाय हे तेथील नित्याचे विषय. यंदाच्या हिवाळ्यात त्यांत मधाच्या मालिशीची भर पडली. मध अंगाला चोळला की त्वचा मऊ होते, सांधे मोकळे होतात, शरीरातील ‘विष’ बाहेर ओढले जाते, असे कोणी मोबाइलवर पाहिले होते, तर कोणाला पुण्यामुंबईच्या नातेवाइकांनी सांगितले होते.

त्याच सुमारास शेजारच्या गल्लीतील एका घरी जाण्याचा योग आला. ऐंशी ओलांडलेल्या आजींच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधलेली होती. त्वचा कोरडी पडल्यामुळे त्यांना रात्रभर खाज येत असे. म्हणून सुनेने चित्रफितीत पाहिल्याप्रमाणे हाताला मध लावला, तळहात दाबून टेकवला आणि झटक्याने उचलला. तिसऱ्या-चौथ्या वेळेस आजींची पातळ कातडी दोन बोटे रुंद सोलून निघाली. आजी हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. रक्त थांबायलाही वेळ लागला.

“ताई, मधाऐवजी तेल लावलं असतं तर हे झालं नसतं ना?” सुनेने खालच्या आवाजात विचारले.

“तिला काही बोलू नका हो,” आजी मध्येच म्हणाल्या. “पोरीनं मायेनंच केलं.”

माया होती यात शंका नाही. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय’ असेच आहे. तरीही मध निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. मध लेपासाठी उत्तम आहे. मालिशीसाठी, विशेषतः उतारवयात, तो योग्य नाही. हा भेद प्रत्येक घरात माहीत असावा, म्हणून आजचा हा लेख.

मधाचे खरे गुण

मधात सुमारे ८० टक्के शर्करा असतात आणि पाणी २० टक्क्यांहून कमी असते. इतकी दाट शर्करा ओलावा स्वतःकडे ओढून धरून ठेवते. म्हणूनच लेप धुतल्यावर त्वचा काही काळ मऊ लागते. मध आम्लधर्मी आहे. त्याचा सामू साधारणपणे ३.२ ते ४.५ या दरम्यान असतो. शिवाय मधमाशा त्यात ‘ग्लुकोज ऑक्सिडेज’ हे विकर मिसळतात. मध पातळ झाला की या विकरामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू तयार होत राहते. दाट शर्करा, आम्लता आणि हे पेरॉक्साइड या तिन्हींमुळे मधात जंतूंची वाढ होणे कठीण जाते.

या गुणांची एक महत्त्वाची परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ५२ रुग्णांच्या जखमांवर मधात भिजवलेली पट्टी ठेवली गेली, तर उरलेल्या ५२ जणांना त्या काळी रूढ असलेले सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम लावले गेले. मधाच्या गटातील ८७ टक्के जखमा पंधरा दिवसांत भरून आल्या. मलमाच्या गटात हे प्रमाण १० टक्के होते.

पुढे जगभरातील अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष अधिक सावध आहे. वरवरच्या भाजण्यावर आणि शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांवर मध उपयुक्त दिसतो. इतर जखमांबाबतचा पुरावा कमकुवत आहे. या प्रयोगांत मध जखमेवर शांतपणे ठेवला होता आणि तोही वैद्यकीय देखरेखीखाली, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यांचा दाखला देऊन मधाने अंग चोळण्याचे समर्थन करता येत नाही.

मालीश का नको

मधाची मालीश हा प्रकार रशिया व पूर्व युरोपात प्रचलित आहे. पाठीवर मध पसरून तळहात चिकटवायचे आणि ओढून उचलायचे, असे तिचे तंत्र. काही वेळाने मध पांढुरका, मळकट दिसू लागतो आणि तेच ‘बाहेर आलेले विष’ म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात त्यात हवेचे बारीक बुडबुडे, घाम आणि त्वचेच्या मृत पेशी असतात. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. तळहाताच्या ओढीने ते होत नाही.

तरुण, धडधाकट पाठ ही ओढ सहन करते. वृद्ध त्वचेची गोष्ट वेगळी आहे. त्वचेचे वरचे आणि खालचे थर एकमेकांत खाचा-उंचवट्यांनी गुंतलेले असतात. वय वाढते तसे हे उंचवटे सपाट होत जातात, थरांची पकड सैल पडते, खालची चरबी व तंतू कमी होतात आणि तेलग्रंथी मंदावतात. अशी त्वचा आडवी ओढली गेली की वरचा थर सुटून येतो. हात आणि नडगी येथे हा धोका सर्वाधिक असतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची त्वचा आणखी पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना किंचित दाबानेही काळेनिळे डाग पडतात.

आयुर्वेदाची दृष्टीही येथे उपयोगी पडते. मधाला तेथे रूक्ष आणि लेखन, म्हणजे कोरडेपणा आणणारा व खरवडणारा, असे मानले आहे. व्रणावर मध आणि तूप लावण्याचा उपचार सुश्रुतांनी सांगितला आहे. अभ्यंगासाठी मात्र स्निग्ध तेल सांगितले आहे आणि डोके, कान व पाय यांना ते विशेषत्वाने लावावे, असा वाग्भटांचा उपदेश आहे. थोडक्यात, लेपाचे द्रव्य वेगळे आणि मर्दनाचे वेगळे, ही समज आपल्या परंपरेत आहेच.

लेप कसा करावा

प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर मध लावून पंधरा-वीस मिनिटांनी धुवावा आणि चोवीस तास वाट पाहावी. मधात परागकण असतात. ज्यांना त्यांचे वावडे आहे त्यांना लाली, खाज किंवा पुरळ येऊ शकते. काही त्रास झाला नाही तरच पुढे जावे.

एक चमचा मध आणि एक चमचा ताजी साय किंवा दही एकत्र करावे. लिंबू, हळद, बेसन, साखरेचे कण यांपैकी काहीही घालू नये. कोरड्या त्वचेला आंबट आणि खरखरीत काहीच नको. हा लेप चेहरा, हाताची पाठ किंवा कोपर यांवर बोटांच्या टोकांनी, न चोळता पसरावा. डोळे व ओठ टाळावेत. दहा मिनिटांनी, लेप वाळून ताणू लागण्यापूर्वी, कोमट पाणी ओतत तो सैल करून धुवावा. त्वचा मऊ सुती कापडाने टिपून घ्यावी आणि ओलसर असतानाच तिला हलक्या हाताने तेल किंवा साधे, सुगंधविरहित मलम लावावे. मधाने दिलेला ओलावा टिकवण्याचे काम हे तेल करते; ही पायरी वगळली तर लेपाचा फारसा लाभ होत नाही. आठवड्यातून एक-दोन वेळा एवढा लेप पुरे.

मध तापवू नये. थंडीत तो गोठला, त्यात कण धरले, तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी. कण धरणे हे भेसळीचे लक्षण नव्हे.

डोक्यातील खवले आणि खाज यांवरही मधाचा एक छोटा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात नऊ भाग मधात एक भाग कोमट पाणी मिसळून ते मिश्रण दोन-तीन मिनिटे हलकेच लावले होते आणि तीन तासांनी डोके धुतले होते. एक दिवसाआड महिनाभर हा उपचार झाला आणि तीस रुग्णांची खाज व खवले कमी झाले. पुढे ज्यांनी तो बंद केला, त्यांच्यापैकी बहुतेकांना काही महिन्यांत त्रास पुन्हा सुरू झाला. तीन तास डोक्याला मध ठेवून बसणे प्रत्येक ज्येष्ठाला जमणारे नाही. ज्यांना जमेल त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना विचारून करून पाहावे.

मालीश कशी करावी

मालिशीसाठी आपल्या मराठवाड्यातील करडईचे तेल किंवा तिळाचे तेल पुरेसे आहे. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे आणि आधी स्वतःच्या मनगटावर पाहावे. मालीश करणाऱ्याच्या बोटांत अंगठी व हातात बांगड्या नसाव्यात, नखे कापलेली असावीत. तळहात त्वचेवरून सहज घसरेल इतके तेल घ्यावे; कातडी तळहाताबरोबर सरकू लागली तर तेल कमी पडले किंवा दाब जास्त झाला, असे समजावे. हातापायांना पाच-सात मिनिटे, एवढ्यानेही झोपेला मदत होते.

एका पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर तेथे हात लावू नये. ती रक्ताची गुठळी असू शकते. त्वरित डॉक्टरांना दाखवावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. ‘रक्त फिरू दे’ म्हणून ती जागा चोळण्याची पद्धत घरोघरी आहे. त्याने आतील नाजूक पेशींना अधिक इजा होते. तेथे कूस बदलणे आणि दाब हटवणे हाच उपाय.

तळपायाला तेल लावल्यावर ते पुसून, मोजे घालून मगच चालू द्यावे. गुळगुळीत फरशीवर तेलकट पायाने घसरून मोडलेला खुबा कोणत्याही मालिशीच्या लाभाहून महाग पडतो.

मध कोठे लावू नये

स्वयंपाकघरातील मध उघड्या जखमेवर लावू नये. जखमांसाठीचा वैद्यकीय मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. घरातील मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मधुमेहींच्या पायावरील भेगा आणि जखमा यांना तर घरगुती प्रयोग मुळीच नकोत. काख, जांघ, स्तनांखालची वळी अशा जागी मध राहिला तर त्वचा ओलसर राहून बुरशी वाढते. अंथरुणावरच्या रुग्णाला लावलेला मध नीट धुतला गेला नाही तर मुंग्या लागतात. स्वतःला हलता न येणाऱ्या माणसाचे त्यात किती हाल होतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

घरात तान्हे बाळ असेल तर आणखी एक दक्षता. लेप लावलेले हात वा गाल बाळाच्या तोंडापाशी जाऊ देऊ नयेत आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवूही नये. त्यातील बीजाणूंमुळे बाळाला ‘बॉट्युलिझम’ हा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि कातडी सोललीच तर? जखम स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा. सुटलेली कातडी कापू नये. ओल्या गॉजने अलगद मूळ जागी सरकवावी. वर न चिकटणारी पट्टी ठेवून सैल बांधावे, चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नये आणि डॉक्टरांकडे जावे.

मध घेताना

डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने १३ ब्रँडचे मध तपासले, सर्व कसोट्यांना केवळ तीन उतरले. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले, वादही झाला. आपल्यासाठी त्यातला बोध असा की पाण्यात थेंब टाकणे, वात पेटवणे या घरगुती परीक्षांनी साखरेच्या पाकाची भेसळ कळत नाही. खात्रीचा उत्पादक हाच आधार. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तेथे किंवा अन्यत्र, मधपेट्या ठेवणारे उत्पादक आणि त्यांच्या सहकारी संस्था यांच्याकडून थेट घेता आला तर उत्तम.

आजींची जखम तीन आठवड्यांत भरली. परवा सायंकाळी गेले तेव्हा सून पलंगाच्या कडेला करडईच्या तेलाची वाटी घेऊन बसली होती. हात अजून बिचकत होता, प्रत्येक वेळी ती विचारी, “आई, दुखतंय का?” आजींनी डोळे मिटूनच सांगितले, “नाही गं. आता जरा पायालाही लाव.”