घरचं वायरिंग घरीच? कायद्याची मुभा बल्ब-बटणापुरती, गावात मात्र सगळंच चालतं

पेरणीआधीच्या मोकळ्या दिवसांत गावोगावी घरांची डागडुजी निघते. कौलं फेरली जातात, पत्रे बदलतात, घरकुलाचं राहिलेलं प्लास्टर होतं. त्याच झपाट्यात वायरिंगही उरकलं जातं. तालुक्याच्या बाजारातून वायरचं बंडल, पट्टी, बटणं आणि बोर्ड आणायचे, मोबाईलवर दोन व्हिडिओ बघायचे, की घरातला हुशार पोरगा स्टुलावर चढतो. संध्याकाळपर्यंत दिवा लागतो, पंखा फिरतो. वायरमनची मजुरी वाचली म्हणून घरात सगळे खूश.

दिवा लागला म्हणजे वायरिंग बरोबर झालं, ही समजूत इथंच नडते. चुकीच्या वायरिंगवरही दिवा लागतोच. चूक कळते ती जुलैत, भिंत ओली झाल्यावर.

कायद्यानं याबाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षाविषयक नियमावली 2010 साली आली आणि 2023 मध्ये तिच्या जागी नवी आली. त्याआधी 1956 चे नियम होते. तिन्हींमध्ये गोष्ट एकच आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण आणि घरगुती उपकरणं घरमालक स्वतः बदलू शकतो. तेही जागच्या जागी, मूळ वायरिंगची ताकद आणि स्वरूप न बदलता. नवा पॉइंट काढणं, लाइन वाढवणं किंवा सगळं घर नव्यानं वायर करणं हे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानंच करायचं. प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परवाना हवा आणि देखरेख करणाऱ्याकडे सक्षमता प्रमाणपत्र हवं. घर स्वतःचं असलं तरी यातून सूट नाही.

आता गावातलं चित्र बघा. महावितरणचा कर्मचारी वायरमन, त्याच्या हाताखाली खांबावर चढणारा ‘झिरो वायरमन’ आणि घरोघरी बोर्ड बसवणारा तोही वायरमनच. यातला आयटीआयला तारतंत्री किंवा वीजतंत्री शिकलेला कोण, परवाना कुणाकडे, हे कुणी विचारत नाही. परवानाधारक ठेकेदार बहुतेक तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असतात. सरकारी कामं, बंगले, दुकानं सोडून दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरासाठी वीस किलोमीटर यायला त्यांना परवडत नाही. नव्या जोडणीला लागणारा टेस्ट रिपोर्ट मात्र घर न बघताच सही होऊन मिळतो, ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते. म्हणजे कागदावर वायरिंग तपासलेलं असतं आणि भिंतीवरचं देवाच्या भरवशावर. नुसती नियमावली दाखवून माणसाला दोष देण्यात अर्थ नाही तो यामुळेच. त्याला कायदेशीर वाट परवडेल अशी कुणी करूनच दिलेली नाही.

पण किंमत मोजायची वेळ येते ती त्याच्यावरच. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतात आणि त्यात पहिला प्रश्न असतो, दोष मीटरच्या अलीकडे की पलीकडे? खांब, तारा, मीटरपर्यंतचा भाग पुरवठादाराचा. तिथं चूक निघाली तर भरपाई मागता येते. मीटरपासून पुढचं सगळं घरमालकाचं. तिथं बापानंच जोडलेल्या वायरीनं पोरगं गेलं तर मागायचं कुणाकडे? शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार आहे. विजेचा धक्का तिच्यात धरलेला आहे, मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात आणि अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. शेतमजुराच्या घरात, जिथं सातबाराच नाही, तिथं तोही नाही.

‘एमसीबी बसवलाय, आता काय होतंय’

हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं आणि सगळ्यात जास्त घात हेच करतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचवण्यासाठी नाही. हिशेब सोपा आहे. घराचं अर्थिंग म्हणून अंगणात एक सळई ठोकलेली आहे, जमीन कोरडी आहे आणि तिचा रोध 50 ओहम भरतो असं धरू. कूलरच्या पत्र्याला फेज टेकली तर 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्यानं पडत नाही. कूलर पत्र्यासकट जिवंत राहतो आणि पाणी भरायला गेलेली बाई त्याला हात लावते.

इथं उपयोगी पडतो तो आरसीसीबी. दिसायला एमसीबीसारखाच, पण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला की नाही एवढंच तो बघतो. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला 0.03 अँपिअरचा फरक पुरतो आणि तो क्षणात लाइन तोडतो. एका घराला पुरेल असा दोन पोलचा आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो. मोबाईलच्या काचेला तेवढे जातात.

मग तो गावात टिकत का नाही? कारण खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा ढिला झाला की तक्रार करण्याऐवजी अर्थिंगवरच दिवे चालवायची सवय. फेज एक वायर आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीतली सळई. अशा जोडणीवर आरसीसीबी पडणारच, कारण करंट न्यूट्रलनं परत येत नसतो. मग ‘हे खोकं सारखं पडतंय’ म्हणत तो काढून फेकला जातो. खराबी खोक्यात नसते. सळई आणि तिच्या आसपासची ओली जमीन त्या वेळी धोक्याची झालेली असते आणि गोठा बऱ्याचदा तिथंच असतो.

पत्र्याच्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या धारेवर वाऱ्यानं घासत राहते. आवरण गेलं की अख्खा पत्रा फेजला लागतो. त्याच पत्र्याच्या अँगलला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली असते. एकाला धक्का बसला की सोडवायला धावलेला दुसराही चिकटतो. तार काढून नायलॉनची दोरी बांधायला ना ठेकेदार लागतो ना परवाना.

काम काढलंच असेल तर

कायद्यात बसेल आणि खिशालाही झेपेल अशी वाट एकच दिसते. भिंत फोडणं, पाइप-पट्टी बसवणं, खड्डा खणणं ही अंगमेहनत घरच्यांनी करावी. वायर ओढणं, जोडणं आणि तपासणं परवानाधारकाकडे द्यावं. मजुरी निम्म्यावर येते. पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात काम काढलं तर तालुक्याचा ठेकेदारही गावात येईल. ग्रामसभेत हा विषय घ्यायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे मात्र माहीत हवं. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि 800 वॉटच्या वर भार नको. हीटर, गिरणी, पाण्याची मोटर यांना 16 अँपिअरचं सॉकेट आणि 2.5 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर. 1500 वॉटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, तो 6 अँपिअरच्या सॉकेटवर लावला की बोर्ड पिवळा पडून वितळायला लागतो. बटण फेजवरच हवं. न्यूट्रलवर बसवलं तर बटण बंद केलं तरी होल्डरमध्ये करंट राहतो. हिरवी वायर फक्त अर्थिंगची, उरली म्हणून ती फेजला वापरायची नाही. अर्थिंगला किमान अडीच मीटरचा जीआय पाइप, भिंतीपासून दीड मीटर लांब, मीठ-कोळसा घालून पुरलेला. उन्हाळ्यात त्यात पाणी सोडायचं. शेवटी मेगर लावून इन्सुलेशन 1 मेगाओहमच्या खाली नाही ना हे समोर बघायचं आणि मगच टेस्ट रिपोर्टवर सही घ्यायची. मेगर न आणता सही करणाऱ्याला पैसे कशाचे द्यायचे?

मीटर आणि त्याच्या सीलला कुणीही हात लावू नये, ते महावितरणचं काम. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही बोर्डात करंट असतो. स्टुलावर चढणारी पोरं हे हमखास विसरतात. न्यूट्रल गेला, वायर पत्र्याला घासते, खांबाला करंट आला अशी तक्रार 1912 वर किंवा 1800-212-3435 वर करून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. पुढं चौकशी झालीच तर तो नंबर कामाला येतो.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. लाइट असताना महिन्यातून एकदा ते दाबून बघायचं. खटका पडला तर ठीक, नाही पडला तर तो त्याच दिवशी बदलायचा.