आधी बरा हो, मग कामाला ये?

टायफॉइड झालेल्या माणसाला आपण विश्रांती देतो आणि तो खडखडीत बरा झाल्यावरच कामावर पाठवतो. हाच नियम आपण मनोविकाराच्या रुग्णालाही लावतो. “आधी पुरता बरा हो, मग काम बघू,” असे घरचे म्हणतात आणि मालकही म्हणतात. परंतु स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कता यासारखे विकार बहुधा दीर्घकाळ चालतात. मधुमेहाप्रमाणे त्यांची औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. ‘पुरते बरे’ होण्याची वाट पाहता पाहता उमेदीची वर्षे निघून जातात.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न नुसत्या मताचा नाही. त्याची प्रयोगाने परीक्षा करता येते आणि ती झालेली आहे.

लंडन, झुरिच, सोफिया अशा युरोपातील सहा शहरांत गंभीर मनोविकाराचे 312 रुग्ण घेण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन समान गट केले. चिठ्ठ्या कशासाठी? मर्जीने निवड केली असती, तर बऱ्या स्थितीतले रुग्ण नकळत एकाच गटात गेले असते. पहिल्या गटाला रूढ पद्धतीने आधी प्रशिक्षण देण्यात आले. दुसऱ्या गटातील रुग्णांना थेट बाहेरची पगारी नोकरी शोधून देण्याचा प्रयत्न झाला आणि नोकरी लागल्यावरही मदतनीस त्यांच्या पाठीशी राहिला. अठरा महिन्यांत पहिल्या गटातील 28 टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी पगारी काम केले, तर दुसऱ्या गटातील 55 टक्के लोकांनी. कामाच्या ताणाने आजार उलटेल, ही भीतीही खरी ठरली नाही. पहिल्या गटातील 31 टक्के रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 20 टक्के होते. हे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले.

यात नवल नाही. काठावर बसून पोहणे येत नाही, त्यासाठी पाण्यातच उतरावे लागते. मात्र कमरेला दोन सुके नारळ बांधलेले हवेत. मदतनीसाचे काम तेच. रुग्णाची आवड विचारणे, त्याच्या संमतीने मालकाशी बोलणे, कामाचे तास बेताचे ठरवून घेणे आणि डॉक्टरांशी संपर्क ठेवणे.

आपल्या देवगडात अशी कामे नाहीत काय? हापूसची वर्गवारी करणे, पेट्या भरणे, हिशेब लिहिणे, बंदरावर जाळी विणणे ही सारी ओळखीच्या माणसांत होणारी कामे आहेत. अडचणीही आहेत. आंब्याचा हंगाम थोड्या महिन्यांचा आणि ऐन हंगामात धांदल फार. युरोपातील आकडे येथे जसेच्या तसे लागू पडतील, असे मी म्हणत नाही. प्रयोग येथेही करून पाहावा, एवढेच म्हणतो.

कायदाही पुढे सरकला आहे. 1995 च्या अपंगविषयक कायद्यात मनोविकाराचा समावेश होता, पण सरकारी नोकरीत त्यासाठी राखीव जागा नव्हत्या. 2016 च्या कायद्याने त्या दिल्या. परंतु त्याच 1 टक्क्यात इतरही काही प्रकारचे अपंगत्व असलेल्यांचा वाटा आहे. तेव्हा बहुतेकांना खाजगी कामच शोधावे लागणार. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 2011 साली ‘तराशा’ हा उपक्रम सुरू केला. मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना निवारा आणि रोजगार मिळवून देणे, हा त्याचा हेतू. पण रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून घरी परतणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला गावात असा आधार हवा.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक तालुक्यात उपचारांच्या जोडीला निदान एक असा मदतनीस असावा आणि कामाचा मोबदला दया म्हणून नव्हे, तर इतरांइतकाच मिळावा. शिक्षकांनी वर्गात या विषयावर चर्चा घडवून आणावी. आणि मित्रहो, तुम्ही आजपासून कोणालाही ‘वेडा’ म्हणून हाक मारू नका. उद्या त्याच्याच शेजारी बसून तुम्हाला पेट्या भरायच्या असतील!