आजोबांचं घड्याळ

जतच्या आमच्या घरी आजोबांचं लंबकाचं घड्याळ आहे. दर रविवारी ते त्याला चावी देत. आजोबा गेले अन् काही दिवसांनी घड्याळही थांबलं. "सेलचं मशीन बसवा," सगळे म्हणाले.

मिरजेचे म्हातारे कारागीर मात्र हसले. "गुरुजी, जुनं तेल घट्ट झालंय, एवढंच!" त्यांनी चाकं साफ केली, आसांच्या टोकांना थेंबभर तेल दिलं, लंबकाखालची चकती फिरवली. लंबक आखूड झाला की घड्याळ पुढं जातं, लांबला की मागं पडतं. हॉलंडच्या हायगेन्सनं १६५६ साली पहिलं लंबकाचं घड्याळ बनवलं. युक्ती आजही तीच!

रात्री टोले पडले. आजी झोपेतच पुटपुटली, "चावी दिली वाटतं यांनी!"

तुमच्या घरी असं घड्याळ आहे? स्प्रिंग उघडू नका हं, आधी आजीला त्याची गोष्ट विचारा.